युद्धानंतरचे आख्यानही आपलेच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका जत्रेतील दशावतारावर, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यावर, टीका करणारे पत्र वाचले. 'युद्ध नाही, ट्रिकसीन (चमत्काराचे दृश्य) नाही, नुसती रडारड. परदेशी नाटकांची असली नक्कल दशावतारात नको,' असा त्याचा आशय होता. त्या रात्री मी तिथेच, पखवाजवाल्याच्या बाजूला खाली बसलो होतो. पत्रलेखकाचे दशावतारावर प्रेम आहे हे मला कळते, म्हणूनच हे उत्तर.

ज्यांनी तो प्रयोग पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी काय घडले ते सांगतो. तरुण मुलांची कंपनी होती. गणपती, रिद्धिसिद्धी, संकासूर हा पूर्वरंग रीतसर झाला. मग आख्यान लागले ते अठरा दिवसांचे युद्ध संपल्यानंतरचे. जिंकलेले पांडव आंधळ्या चुलत्याला भेटायला येतात. बाकड्यावर धृतराष्ट्र, शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी. धृतराष्ट्र भीमाला मिठीत घ्यायला हात पसरतो, कृष्ण भीमाला मागे ओढून लोखंडी पुतळा पुढे करतो आणि म्हातारा तो पुतळा छातीशी आवळून चिरडून टाकतो. इथवर टाळ्या पडत होत्या. मग गांधारीने भीमाला विचारले, 'शंभरातला एक तरी ठेवायचा होतास रे. आम्हा दोघा आंधळ्यांना काठी झाला असता.' स्त्रीपार्टी करणारा मुलगा एवढे बोलून गप्प राहिला. पेटीवाल्यानेही हात थांबवला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथानक आधी सांगितलेले असते आणि संवाद ज्याने त्याने आयत्या वेळी करायचे असतात. भीम झालेल्या पोराला उत्तर सुचेना. त्याने गदा बाकड्याला टेकवली आणि तो तिच्या पायांशी जमिनीवर बसला. मागून कोणीतरी ओरडले, 'लढाय खंय रे? लढाय लावा मरे!' काही लोक उठले, चहाच्या टपरीवर गर्दी झाली, हे सारे खरे आहे. पण बसून राहिले त्यांची संख्या पत्रलेखकांनी लिहिली नाही, आणि ती कमी नव्हती.

आता नकलेविषयी. गांधारीचा तो प्रश्न त्या पोरांनी परदेशातून आणलेला नाही. तो व्यासांच्या स्त्रीपर्वात आहे. आपण दशावतारात द्रौपदीचे वस्त्रहरण पाहतो, अभिमन्यूचा वध पाहतो, आणि दुष्टाचा वध झाला की दहीहंडी फोडून घरी जातो. व्यास तिथे थांबलेले नाहीत. वधानंतर कितीतरी पर्वे ते लिहीत राहिले. ती पर्वे आपण पेटाऱ्यात बांधून ठेवली, हा दोष आपला.

माझ्या बसून राहण्याला आणखी एक कारण होते. माझे धाकटे काका मराठा रेजिमेंटमध्ये होते. 1971 च्या लढाईनंतर जे नव्वद हजारांवर कैदी आपल्याकडे आले, त्यांच्या एका छावणीवर ते काही महिने पहाऱ्याला होते. काकांना धयकाल्याचे, म्हणजे दशावताराचे, वेड. पण मी लहानपणापासून पाहत आलो, युद्धनृत्य सुरू झाले, पखवाज चढू लागला की ते उठून जात आणि दहीकाल्याला परत येत. आम्हाला वाटायचे, विडी ओढायला जात असतील. फार वर्षांनी एकदा लावणीच्या दिवसांत बांधावर बसून ते सांगू लागले की छावणीतला एक कैदी शेतकऱ्याचा मुलगा होता. तारेपलीकडून तो रोज विचारायचा, तुमच्याकडे पाऊस कधी लागतो, भात किती होते, बैल कसले. काका उत्तर द्यायचे. बोलायला मनाई होती, तरी द्यायचे. नंतर कैद्यांची गाडी सुटली. 'तो घराक पावलो असतलो मा रे?' एवढेच विचारून ते पुन्हा चिखलात उतरले. आज ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्या रात्री ते एकदाही उठले नाहीत. उजाडल्यावर रंग पुसत बसलेल्या गांधारीकडे जाऊन तिच्या, म्हणजे त्या पोराच्या, पाठीवर त्यांनी हात ठेवला. हे मी पाहिले आहे, आणि ज्यांना ती 'रडारड' वाटली त्यांना हे सांगणे मला भाग आहे.

परदेशी रंगभूमीचा विषय निघालाच आहे तर तिकडे काय झाले तेही पाहू. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. 1996 मध्ये त्याच्या जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. ज्यांची मुले पोलिसांनी मारली त्या आया भर सभेत बोलल्या. एकूण 21 हजारांवर लोकांनी आपली हकिगत नोंदवली. पुढच्याच वर्षी तिथल्या एका बाहुलीनाट्य मंडळींनी या आयोगावर नाटक केले. साक्षीदारांच्या भूमिका त्यांनी नटांना दिल्या नाहीत, लाकडी बाहुल्यांना दिल्या. एखाद्या आईचे खरे दुःख नटाने रंग लावून 'वठवावे' हे त्यांना बरे वाटले नसावे. बाहुली मुळातच खोटी असते, तिने खरे बोलले की ऐकणारा फक्त शब्दांकडे लक्ष देतो. बाहुली हलवणारे दोघे तिच्या शेजारी उघड उभे असत, जणू तिला बोलायला धीर देत आहेत.

हे वाचले तेव्हा मला आपले पिंगुळी गाव आठवले. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत कागदावरचे एकेक चित्र समोर धरून कथा गायली जाते. एखादे दुःख चित्राच्या आडून सांगावे, ही युक्ती आपल्या मातीत केव्हापासून आहे.

दुसरे उदाहरण पेरू देशाचे. तिथे 1980 पासून वीस वर्षे बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात डोंगरातली गावे भरडली गेली. सुमारे 69 हजार माणसे गेली असा तिथल्याही सत्य आणि सलोखा आयोगाचा 2003 सालचा अंदाज आहे, आणि त्यातले चारांतले तीन केचुआसारख्या मूळच्या भाषा बोलणारे, म्हणजे शहराने ज्यांना कधी मोजले नाही असे. आयोग सुनावणीला यायचा तेव्हा साक्ष द्यायला लोक घाबरत. तेव्हा युयाचकानी नावाची नाटकमंडळी त्या गावांत गेली. केचुआत या नावाचा अर्थ 'मी विचार करतो आहे, मला आठवते आहे' असा होतो. त्यांनी भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मध्ये खेळ केले. एका खेळात मारला गेलेला शेतकरी आपली हरवलेली हाडे शोधत राजधानीकडे निघतो. दुसऱ्यात मेलेली आई बेपत्ता मुलाला शोधत हिंडते. बाजारहाटाला आलेली बायामाणसे उभी राहून ते पाहत. बाजारात, उघड्यावर, ओळखीच्या माणसांमध्ये खेळ मांडणे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपला मांड, म्हणजे गावच्या खेळाची उघडी जागा, तोच आहे.

नाटक केले की सगळे मिटते, असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत सरकारने शेवटी पीडितांना एकदाच 30 हजार रँड दिले. आयोगाने सुचवलेल्या रकमेच्या मानाने ते फारच थोडे होते आणि तिथले लोक त्याबद्दल अजून रागावलेले आहेत. ते रागावणे योग्यच आहे. न्याय द्यायचा नाही आणि बाहुल्या नाचवायच्या, याला सलोखा म्हणता येणार नाही. व्यासांनीही खोटा गोडवा आणलेला नाही. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे पांडवांच्या घरी राहिला. धर्मराजाने त्याला मान दिला, पण भीम त्याला ऐकू जाईल असे टोमणे मारत राहिला, आणि अखेर म्हातारा-म्हातारी वनात निघून गेली. भाऊबंदकीत एका गडग्यासाठी तीस तीस वर्षे कोर्टात गेलेल्या आणि तरी चतुर्थीला एकाच गणपतीपुढे बसणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि कोकणाला युद्धाचे काय, असे कोणी विचारू नये. विजयदुर्गच्या बंदरात फेब्रुवारी 1756 मध्ये आंग्र्यांचे आरमार जळाले. जाळले इंग्रजांनी, पण त्या मोहिमेत त्यांचे दोस्त होते पेशवे. त्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे कैदेतच वारले. आपल्याच माणसांनी आपल्याच दर्यावरचा कणा मोडला, आणि या गोष्टीवर आजही दोन बाजू तावातावाने भांडतात. दोन्ही बाजूंना एका बाकड्यावर बसवणारे आख्यान मी अजून पाहिलेले नाही. ते लिहिणे अवघड आहे, पण कोणीतरी हात घालावा.

त्याआधी एक सोपे, तयार आख्यान आहे. आश्रमवासिक पर्वात पांडव वनात गांधारीला भेटायला जातात, तेव्हा व्यास गंगेत उतरून युद्धात मेलेल्यांना हाक मारतात. रात्री पाण्यातून दोन्ही सैन्ये वर येतात. कर्ण, दुर्योधन, अभिमन्यू, घटोत्कच, द्रौपदीचे पाचही मुलगे. कोणाच्या मनात वैर उरलेले नसते. कर्ण भावांना भावासारखा भेटतो. जन्मभर न पाहिलेले मुलगे धृतराष्ट्र त्या रात्री पहिल्यांदा पाहतो. रात्र सरली की सगळे पुन्हा पाण्यात जातात. मध्यरात्री सुरू होऊन उजाडता संपणारे आपले नाटक आणि ही एका रात्रीची भेट यांचे माप इतके जुळते की हे आख्यान आजवर मी आमच्या मांडावर कसे पाहिले नाही याचे नवल वाटते. ज्यांना ट्रिकसीन हवे त्यांनाही पाण्यातून वर येणारे सैन्य पुरेसे आहे!

दशावतार स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की युद्धनृत्याला जसे गुण देता, तसे युद्धानंतरच्या प्रसंगालाही द्या. मानाचे प्रयोग ठरवणाऱ्या गावकऱ्यांना विनंती, की अशा कंपनीला वर्षातली एक रात्र द्या. टीका करणाऱ्या पत्रलेखकांनाही मनापासून बोलावतो. त्या पोरांशी माझे बोलणे झाले आहे, आणि पुढच्या जत्रेसाठी ती हेच आख्यान बसवत आहेत. गंगा कशी दाखवायची यावर अजून एकमत नाही. नऊवारी दोघांनी दोन टोकांना धरून हलवावी असे काकांचे म्हणणे आहे, आणि एक टोक आपण धरू असे त्यांनी पोरांना सांगून टाकले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग