क्षेत्रभेट झाली, फोटोही छापून आला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख वाचला. वर्गातला धडा आणि पुढे मिळणारे काम यांची सांगड घाला, मंदीच्या दिवसांत तर घालाच, असे आपण लिहिले आहे. उत्तम. सांगड घालायची कुणी, ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत सापडले नाही. 'उद्योगांनी पुढाकार घ्यावा' एवढे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी लेथची (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायच्या यंत्राची) शेड आहे, म्हणजे मीही उद्योगच झालो. तेव्हा पुढाकाराचे काय होते ते कळवतो.

दिवाळीनंतर एका शाळेची दहावीची मुले क्षेत्रभेटीला आली. शाळेचे नाव लिहीत नाही. मुलींच्या ओढण्या आधी बांधायला लावल्या, सगळ्यांना मशीनपासून हातभर लांब उभे केले आणि टेपरचा (एका टोकाकडे निमुळता होणारा) एक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लेथच्या चकात (पकडीत) धरला. मोठा व्यास 40 मिलिमीटर, लहान 30, लांबी 50. एका मुलाने विचारले, "काका, स्लाइड किती तिरकी करायची हे कसं कळतं?" (स्लाइड म्हणजे कातायचे हत्यार ज्यावर सरकते तो भाग.) खडूने तिथेच पत्र्यावर लिहून दाखवले : दोन व्यासांतला फरक 10, लांबीची दुप्पट 100, भागाकार 0.1. पोरगा म्हणाला, "म्हणजे हा टॅन थीटा की!" अगदी बरोबर. कोन निघतो पावणेसहा अंशांना किंचित कमी. वर्षभर तो त्रिकोणमितीचे हेच गणित दीपगृहावरून जहाजाकडे बघणाऱ्या माणसासाठी सोडवत होता. त्या माणसाला जहाजाचे अंतर कशाला हवे असते, देव जाणे. शिवाय पुस्तकात सगळे कोन 30, 45 आणि 60 चे. माझ्याकडे 60 चा कोन फक्त आटे पाडताना येतो.

आता त्याच्या हातात व्हर्नियर (बारीक मापे घ्यायचे साधन) द्यावा, त्यानेच व्यास मोजावेत, म्हणून मी पुढे केला. तेवढ्यात सर म्हणाले, "चला, चला, फोटोला उभे राहा, अजून डेअरी बघायची आहे." व्हर्नियर माझ्याच हातात राहिला. चार दिवसांनी आपल्या अंकात फोटो आला : 'विद्यार्थ्यांनी जाणून घेतल्या करिअरच्या संधी'. फोटोत मुले, सर, मुख्याध्यापक, मागे बॅनर. लेथ बॅनरने झाकलेली. आपल्या बातमीदाराने एक फोन केला असता तर कुठली संधी जाणून घेतली, ते मी सांगितले असते.

सरांवर सगळा राग काढत नाही. त्यांना अहवाल पाठवायचा असतो आणि अहवालात मुलाने काय विचारले याचा रकाना नसतो.

आता योजनांचे. शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती 30 किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (लोकांच्या भाषेत 'लाडका भाऊ') आयटीआयवाल्याला महिना 8 हजार, पदवीधराला 10 हजार, पण कारखान्यात घ्यायची मुले एकूण मनुष्यबळाच्या 10 टक्के. माझ्याकडे मी धरून चार जण. चौघांचे 10 टक्के म्हणजे अर्धा मुलगासुद्धा भरत नाही! अर्धा मुलगा कुठून आणू? उद्यमनगरातल्या कितीतरी शेड अशाच आहेत आणि हात काळे करून शिकायला मिळते ते इथेच. याच योजनेतून कचेरीत लावलेली पोरे झेरॉक्स काढून, नोंदी करून परत येतात. प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांचे अकरा महिने केले, तरी पुढे काय हा प्रश्न त्यांच्यासमोर उभाच राहिला.

बरे, मंदीत शिकवायला वेळ कुणाला, असे वाटेल. उलट आहे. ऑर्डरी जोरात असताना माझ्याकडे कुणी आले तर मी बोलतसुद्धा नाही, जॉब आधी. 2019 साली गाड्यांचा खप बसला, फाउंड्रीवाल्यांनी (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्यांनी) पाळ्या कमी केल्या, तेव्हा आमची मशीन दुपारनंतर गप्प असायची आणि तीस वर्षांचा अनुभव असलेला टर्नर (लेथ चालवणारा) बाहेर चहा पीत बसायचा. तेव्हाही एक शाळा फिरकली नाही. आताही मंदीची तीच गत आहे. मुलांना आणायचे तर हेच दिवस, पण सगळ्यांची क्षेत्रभेट डिसेंबरात, सहलीला जोडून.

आपल्या बुधवारच्या करिअर पुरवणीबद्दलही लिहितोच. निम्म्याहून जास्त पाने अकॅडमीच्या जाहिरातींची, उरलेल्यात 'आत्मविश्वास कसा वाढवाल'. टर्नर, फिटर, मोल्डर यांना पगार काय मिळतो, हे त्यात कधी वाचल्याचे आठवत नाही. आणि त्या जाहिरातींसाठी शब्दकोडे का काढून टाकलेत? ते तेवढे परत सुरू करा.

सध्या माझे एक मशीन दुपारी तीननंतर रिकामे असते. कोणत्याही शाळेने चार-पाच मुले पाठवावीत, पायात बूट घालून. टेपर, आटे, व्हर्नियर हाताळू देईन. फी नाही, चहा माझा. बॅनर आणू नये, शेडमध्ये टांगायला जागा नाही.

आपला,
एक लेथवाला वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर