स्टेचा कोन सव्वीस अंश

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना सा. न.

ताईने परवा तुमच्या कानावर घातलंच आहे, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. हो, गच्चीवर माझ्या हौशी रेडिओसाठी, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्या लोकांशी बोलायला, टॉवर उभा करायचं चाललंय. दिवाळीत तुम्ही इथे होतात तेव्हाच सांगणार होते, पण आईच्या हातात चकलीचा सोऱ्या होता, धीर झाला नाही. फोनवर हे बोलणं होत नाही. बाबांना ‘स्टे’ (खांबाला ताणून धरणारी तार) म्हटलं की ‘प्लेट’ ऐकू येतं, आणि आई, तू ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवलास म्हणजे तुला मुळीच पटलेलं नसतं. म्हणून सावकाश लिहिते आहे. आधी आईसाठी, मग बाबांसाठी. बाबा, हिशेब तुमच्या भागात आहे, चष्मा लावून बसा.

आई, पहिली गोष्ट. त्या टॉवरवर कोणीही चढणार नाही. मी नाही, तुझे जावई नाहीत, बाबा तर नाहीतच.

‘टॉवर’ हा शब्द ताईचा. मुळात तो तीस फुटांचा, म्हणजे नऊ मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप आहे. खाली दोन इंची सहा मीटरचा, त्यात अर्धा मीटर आत सरकवून बोल्टने आवळलेला दीड इंची साडेतीन मीटरचा. दोन्ही मिळून त्रेचाळीस किलो भरतात. बुडाशी बिजागरी आहे. वरच्या अँटेनाच्या तारेचं काही काम निघालं की दोराने पाइप हळूहळू गच्चीवर निजवायचा, काम करायचं, परत उभा करायचा. मला स्टुलावरसुद्धा चढायची गरज नाही.

तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात रात्री फीडर, म्हणजे विजेची मुख्य लाइन, बसला की वीज बोर्डाची जीप दारात यायची, बाबा रेनकोट चढवून निघायचे, आणि तू गॅसवर दुधाचं पातेलं ठेवून उभी राहायचीस. तापलं की बंद, निवलं की परत चालू. ‘आल्यावर चहा लागेल त्यांना’ म्हणायचीस. साय इतकी जाड व्हायची की सकाळी मीच ती साखर घालून खायचे. मी जागी असायचे ग. खांबावर चढलेल्या माणसाची वाट बघणं तुझं एकदा करून झालंय. ते मी तुला परत करायला लावणार नाही.

दुसरी तुझी धास्ती विजेची. पाइपापासून इमारतीच्या मागच्या अंगाने थेट खाली जमिनीत जीआय पट्टी उतरवायची आहे. खाली कोळसा-मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे, तो पाइप आणण्याच्या आधीच करून घेतला. इमारतीचं जुनं अर्थिंग त्याला जोडून टाकलं, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगांमध्ये दाब राहत नाही. मे महिन्यात जमीन कोरडी ठाक असताना अर्थ टेस्टर लावून मोजला, पाच ओहमच्या आत आला. शिवाय खाली यायच्या केबलवर अरेस्टर, म्हणजे आकाशातली वीज जमिनीकडे वळवणारा डबा, आणि ढग गडगडायला लागले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर. हा शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा.

आणि ‘हे काय बायकांचं काम आहे का’ असं तू ताईला म्हणालीस म्हणे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. हौशी रेडिओच्या मोहिमेवरच गेल्या होत्या, व्हीयू४आरबीआय हे त्यांचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव. फोन बंद पडले तेव्हा अंदमानातून बाहेर निरोप जात होते ते त्यांच्या सेटवरून. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, व्हीयू३ ने सुरू होणारा. दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन मिळवलाय, उगाच छंद म्हणून तारा लटकवत नाही.

सोसायटीच्या मीटिंगची गंमत तुम्हा दोघांनाही सांगायला हवी. विषय निघाला मात्र, पहिल्या मजल्यावरचे काका उठले: ‘मोबाइलचा टॉवर नको, रेडिएशन होतं.’ त्यांना समजावते तोवर दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, ‘कंपनी भाडं किती देणार?’ म्हणजे भाडं मिळणार असेल तर रेडिएशन चालेल! मी सांगितलं, कंपनी नाही, भाडं नाही, पन्नास वॅट फक्त, पूर्वीच्या साठच्या पिवळ्या बल्बाहून कमी, आणि तेही मी बटण दाबून बोलेन तेवढाच वेळ. यावर सगळे गप्प झाले, पण खरा प्रश्न पुढेच होता. गळती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून केलंय, स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ठेवणीतलं काढलं: एप्रिलमध्ये मी चाचणीसाठी बांबूवर बांधलेली तार सुटून त्यांच्या सांडगी मिरच्यांवर पडली होती, ते. मिरच्यांना काही झालं नव्हतं. पण मीटिंगच्या वहीत ते लिहिलं गेलंय.

शेवटी परवानगी मिळाली ती वेगळ्याच कारणाने. इमारत पुनर्विकासाला जायची आहे, नौपाड्यात कोणाची जायची नाही? ‘नाहीतरी पाडायचीच आहे’ म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडून लिहून घेतलंय की सांगतील तेव्हा पाइप उतरवून गच्ची होती तशी करून देईन.

आता हे सगळं कशासाठी. तुम्हाला वाटतं ते २२ जुलै २०२१ मुळे. ते खरं आहे, पण अर्धंच.

त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी पेठेत शिरलं, तुम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर गेलात, आणि त्यानंतर दोन दिवस मला तुमच्याकडून एक शब्द नाही. टीव्हीवर चिपळूणचं एसटी स्टँड पाण्यात दिसत होतं आणि मी इथून तेच तेच नंबर लावत होते. मोबाइलच्या टॉवरना वीज नाही, जनरेटर पाण्यात, कुठला फोन लागणार? त्याच वर्षी दिवाळीनंतर मी परीक्षेचं पुस्तक आणलं. म्हणजे सुरुवात तुमच्यामुळेच.

पण अभ्यास करताना कळलं की चिपळूणशी बोलायला टॉवर लागतच नाही. ठाणे ते चिपळूण सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. चाळीस मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झवर, तार फार उंच नसली की लहरी जवळजवळ डोक्यावर सरळ जातात आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, छत्रीसारख्या खाली उतरतात. दोन-तीनशे किलोमीटरचा पट्टा दिवसा त्यात भिजतो. मधले डोंगर आडवे येत नाहीत, कारण लहर डोंगराच्या वरून येते. त्याला आमची गच्ची, जमिनीपासून तेरा मीटर, आणि कठड्याशी बांधलेले दोन बांबू पुरतात. तार किती लांब? १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला वीस मीटर आणि वर थोडी. (मी पहिली तार पावणेएकोणीसला कापली. टेप धरायला चिरंजीव होते.)

मग वर नऊ मीटर कशाला? लांबचं ऐकायला. तारेचा मध्य जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर गेला की लहर वर जायचं सोडून क्षितिजाकडे झुकते. चाळीस मीटरची अर्धी वीस. तेरा नि नऊ बावीस. झालं. दोन्ही टोकं गच्चीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे तिरकी उतरवली की वीस मीटरची तार अकरा बाय सतराच्या गच्चीत बसते. पाइपाच्या शेंड्यावर दोन मीटर बँडची एक उभी दांडी, ठाणे-मुंबईतल्या लोकांशी बोलायला. आणि खाली घराघरांतले एलईडी, इन्व्हर्टर, चार्जर यांचा जो अखंड खरखराट आहे, त्यापासून तार जितकी वर जाईल तितकं बरं.

तेव्हा आई, ‘आमच्यासाठी एवढा जिवाला त्रास नको’ असं म्हणू नकोस. तुमच्यासाठी तार आहे, ती आधीच बांधून झाली. पाइप माझ्यासाठी आहे. रात्री दहानंतर घर निजलं की मला कुठल्यातरी अनोळखी माणसाचा आवाज ऐकायचा असतो, त्याच्याकडे पाऊस आहे का एवढंच विचारायचं असतं. चाळिशीत हे सुचलं, त्याला काय करू? पहिल्या वहीत तर अठरा मीटरचा जाळीदार टॉवर होता, वर यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, ती फिरवायला मोटर. वाऱ्याचा हिशेब केला आणि ती वही चित्रं काढायला देऊन टाकली.

बाबा, आता तुमचं.

आयएस ८७५ या भारतीय मानकात मुंबईला वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, ताशी १५८ किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, चौरस मीटरला जवळपास ११८ किलो. पाइपाचं वाऱ्यासमोरचं अंग सगळं मिळून अर्धा चौरस मीटर. ढोबळ साठ किलो. त्यातली निम्मी ओढ वरच्या स्टेंवर येते असं धरते, तीस किलो.

स्टे दोन पातळ्यांवर, साडेपाच आणि साडेआठ मीटरला, एकेका पातळीवर तीन, एकशेवीस अंशांवर. मधे अंडी इन्सुलेटर (अंड्याच्या आकाराचे, वीज न वाहू देणारे) घालून तोडलेले. टर्नबकलला (स्टे आवळायच्या स्क्रूला) आतून तार ओवून गाठ, तुम्ही घालायचात तशी, म्हणजे थरथरीने फिरून सुटायला नको. स्लॅबला भोक नाही, म्हणून अँकर कठड्याच्या कॉलमांना चारही बाजूंनी पट्टी आवळून घेतलेत. पाइपाचं बूड जिन्याच्या खोलीशेजारच्या कॉलमच्या बरोबर डोक्यावर.

मागचे दोन स्टे छान बसतात, पाइपाशी बेचाळीस अंश. अडतोय तो रस्त्याकडचा. पाइप ते कठडा तिथे ४.२ मीटरच मिळतात. साडेआठच्या उंचीला कोन येतो सव्वीस. तुम्ही सांगायचात, खांबाशी पंचेचाळीस धरावा, नाहीच जागा तर तीसच्या खाली जायचं नाही. आणि रस्ता आहे पश्चिमेला. पावसाळी वारा तिकडूनच येणार, म्हणजे सगळा जोर नेमका याच कमजोर स्टेवर. पंचेचाळीसला जिथे बेचाळीस किलो ओढ आली असती, तिथे सव्वीसला अडुसष्ट येते. तार ती सहज सोसेल. मला भीती कठड्याच्या कॉलमची आहे, कारण अशा उभट स्टेची बहुतेक ओढ वरच्या दिशेने असते आणि कठडा ३५ वर्षांचा आहे.

दोन मार्ग दिसतात. एक, वरचा स्टे साडेआठऐवजी ७.२ ला बांधायचा. कोन तीसला पोचतो, पण शेंड्याचा १.८ मीटर बारका पाइप मोकळा राहतो आणि दांडी त्याच्याही वर. दोन, पाइप मीटरभर पूर्वेला सरकवायचा. साडेएकतीस अंश मिळतात, पण बूड कॉलमवरून उतरून नुसत्या स्लॅबवर येतं. इथल्या फॅब्रिकेटरचं म्हणणं ‘काही होत नाही मॅडम’. असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही हे तुम्हीच शिकवलंय. माझा कल पहिल्याकडे आहे. पण मनात येतं, तुम्ही तिसरंच काहीतरी काढाल.

सोबत गच्चीचा नकाशा जोडलाय, मापं मी स्वतः घेतली आहेत. त्यावर लाल पेनने काय ते करा आणि ताईकडून फोटो पाठवा. पाइप जानेवारीत उभा करायचा म्हणते, तेव्हा हवा स्थिर असते. त्या आठवड्यात दोघंही या. बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं, दोर आम्ही धरू. एक काम मात्र तुमचंच. स्टे आवळून झाल्यावर तुम्ही पक्कडीने त्यावर टिचकी मारायचात आणि आवाजावरून सांगायचात, ढिला की बरोबर. आता आवाज नीट येणार नाही म्हणाल, तर तार बोटांत धरून सांगा. मला ते अजून जमत नाही. ती लाल मुठीची पक्कड घेऊन या, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे, आईला माहीत आहे कुठली.

आणि त्या परीक्षेला कमाल वयाची अट नाही, माझ्या ग्रेडला मोर्सही लागत नाही. पुस्तक मी येताना आणणारच आहे. मागच्या आंब्यापासून विहिरीजवळच्या माडापर्यंत वीस मीटर भरतात का, ते तेवढं मोजून ठेवा.

आई, आगळ संपत आलंय. एकच बाटली आण, दोन नकोत, बॅग जड होते.

तुमची,
धाकटी