लुगड्याचं कुणी विचारलंच नाही

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या म्हातारपणाचा विषय काढला की आई म्हणते, "आत्ता कशाला ते अभद्र?" म्हणून लिहिते आहे.

आजीची स्मृतिभ्रंशातली शेवटची दोन वर्षं मला अजून सलतात. सांभाळायला ठेवलेली बाई वाईट नव्हती. बैलहोंगलकडची, कष्टाळू. पण सोयीचं म्हणून तिनं आजीला गाऊन घालायला सुरुवात केली आणि आपण सगळ्यांनी मान डोलावली. जन्मभर लुगडं नेसलेली आजी. गाऊन अंगात गेला की दोन्ही हातांनी खांदा चाचपत राहायची. पदर नव्हता ना तिथं. मग चादर ओढून डोक्यावरून घ्यायची, ती काढून घेतली की ओरबाडायची. आपण म्हणायचो, आजार वाढला. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. आई, एक दिवस तू जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्या खांद्यावरून टाकलास आणि ती शांत बसून भात जेवली. फार उशिरा सुचलं आपल्याला.

आणि भाषा. खडेबाजारात आयुष्यभर कन्नडमध्ये भाव केलेली आजी, पण शेवटी ती बाई "ऊटा माडरी" म्हणाली की नुसती बघत बसायची. अशा आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. बाबा, तुम्ही आज फाडफाड कन्नड बोलता, म्हणून उद्या तुम्ही उत्तर दिलं नाही तर लोक तुम्हाला हट्टी म्हणतील. ते मला नको आहे. तुमच्याजवळ जो कुणी असेल त्याला पाणी, जेवा, दुखतंय का, एवढं तरी मराठी आलंच पाहिजे. आणि 2014 साली गावाची पाटी बदलून बेळगावी झाली तरी तुम्ही बेळगाव म्हणालात, तर कुणी तुमची चूक काढायची नाही.

बाकीचं मात्र तुम्हीच सांगायचं. वडगावात माग बंद पडला की तुम्हाला झोपेतून जाग येते. तुटलेला धागा तुम्ही न बघता बोटांनी जोडता. पुढे कधी हातात सूत दिलं तर बरं वाटेल, की खेळणं दिल्यासारखं वाटेल? आई, तुझी आंघोळ बाईमाणसानंच घालावी, हे मला ठाऊक आहे. पण साखर आहे म्हणून शेवटपर्यंत कुंदा नाकारायचा, की मंगाईच्या यात्रेला चमचाभर द्यायचा? ते तू ठरव.

एक विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते. तुमच्यातलं एक आधी गेलं आणि दुसरं रोज संध्याकाळी विचारू लागलं, कुठं गेले, तर काय सांगू? खरं? रोज नव्यानं? मला वाटतं सांगू नये, जवळ बसून त्यांच्या आठवणी काढाव्यात. पण मला वाटून काय उपयोग, तुम्हाला काय हवं ते कळू दे.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आपले उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या वतीनं कुणी बोलायचं तेही नेमता येतं. ते कागद आपण करूच. पण त्यात उपचार येतात, लुगडं येत नाही.

म्हणून पत्रासोबत एक वही पाठवते आहे. पहिलं पान मी माझं लिहिलंय, कारण हे मलाही होऊ शकतं. माझे केस कापू नका. पावसात खिडकी उघडी ठेवा. चहात आलं हवं. गाऊन चालेल.

दुसऱ्या पानापासून तुमचं. बाबा, तुमचं अक्षर चांगलं, आईचंही तुम्हीच लिहा. पण तिला विचारून.

तुमची,
थोरली