‘कार्ड आणा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅरालीगल स्वयंसेविका, म्हणजे वकील नसूनही कायद्याची वाट दाखवणाऱ्या, म्हणून तुम्ही वस्तीत येता. बाई मायक्रोफायनान्सवाल्याच्या बोलण्याने रडकुंडीला आलेली असते आणि तुम्ही म्हणता, “आधी कर्जाच्या हप्त्यांचं कार्ड आणा.” क्षणभर कोरडं वाटतं. मग तुम्ही कार्ड उलटं करून पेन्सिलीने कोपऱ्यात हिशेब मांडता, आणि बाई रडायची थांबून आकडे बघू लागते. हे पत्र त्या पेन्सिलीसाठी.

40,000 चं कर्ज, “बाराच टक्के”, दोन वर्षं. व्याज 9,600, महिन्याचा हप्ता 2,067 रुपये. पण हा फ्लॅट दर. मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण 40,000 वरच. घटत्या शिलकीवर मोजलं की तोच दर साडेएकवीसच्या घरात जातो. फी आणि विम्याचे म्हणून 1,600 आधीच कापून हातावर 38,400 टेकवले, तर सुमारे 26. म्हणून तोंडी दर ऐकायचा नाही, कर्जाच्या माहितीपत्रकावरचा (फॅक्टशीट) सगळा खर्च धरलेला वार्षिक दर वाचायचा, हे तुम्ही पाठच करून घेतलंत. सोबत मिक्सर किंवा सोलर दिवा गळ्यात मारला असेल, तर संमती कुठे घेतली हेही विचारायचं.

खरी मेख मात्र उत्पन्नाच्या रकान्यात असते. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. घरात 12,000 येत असतील तर मर्यादा 6,000. फॉर्मवर 25,000 लिहिले की ती साडेबारा हजार होते आणि तिसरं, चौथं कर्ज कागदोपत्री अगदी नियमात बसतं. मग एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज. सहीआधी तो रकाना मोठ्याने वाचून घ्या, हा तुमचा आग्रह साधा आहे, पण आमच्या मते सगळ्यात मोलाचा. वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढायलाही तुम्हीच लावलंत. नाव एकीचं आणि पैसे दुसरीने वापरलेले, अशी कर्जं तिथेच उघडी पडतात.

वसुलीचे नियम तुम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेत. हप्ता ठरलेल्या जागी. सलग दोनदा बाई तिथे आली नाही तरच घरी किंवा कामावर. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. नातेवाईक, मैत्रिणींना त्रास नाही. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. कर्ज विनातारण, त्यामुळे सिलिंडर किंवा टीव्ही उचलून न्यायचा प्रश्नच येत नाही.

तक्रारी कुठे फसतात हेही तुमच्यामुळे कळलं. फोनवर केलेली तक्रार हवेत जाते. थेट लोकपालाकडे गेलं की परत पाठवतात. आधी संस्थेकडे लेखी अर्ज, त्यात तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं; पोच घ्यायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. शुल्क नाही, वकील लागत नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे घातलेले हेलपाटेही तुम्ही वाचवलेत: ते दार सावकारासाठी, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीला सावकारी कायदा लागत नाही. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला बाहेरच्या कुणी चारचौघांत जातीवरून शिवी दिली, तर तो लोकपालाचा विषयच नाही. ॲट्रॉसिटीखाली पोलीस ठाणं. तिथे वकील लागला तर बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 1987 च्या कायद्याने तो मोफत मिळतो, उत्पन्न न बघता.

कर्ज माफ होईल, असं मात्र तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. ‘हप्ता भरू नका’ सांगणारे पुढारी वस्तीत येतात, पावतीशिवाय वर्गणी घेतात आणि बाईचं क्रेडिट खातं बिघडवून जातात. तुम्ही हप्ता लहान करून मुदत वाढवायचा अर्ज लिहायला शिकवलंत, दोन प्रतींत.

शिक्क्याची प्रत गटाच्या पेटीत ठेवतो, तुम्ही सांगितलंत तशीच.

आपल्या,
बचत गटांसोबत काम करणाऱ्या आम्ही सगळ्या