आत्या, एक हळकुंड वाजवून बघितलं

हॅम्बर्ग,
१२ फेब्रुवारी

ती. आत्यांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर विचारलंत, "तिकडं दिवसभर करतीस तरी काय?" हळदीची पूड विरघळवून मशीनला देते आणि कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती टक्के ते लिहून ठेवते. केरळातल्या अलेप्पीची आली की आकडा वर, आपली राजापुरी आली की खाली. साहेबाला तेवढंच हवं असतं. पण काल नमुन्यांत अख्खी हळकुंडं आली. राहवलं नाही, एक फरशीवर टाकलं. खण्णकन वाजलं, म्हणजे नीट वाळलेलं! शेजारची पोरगी बघतच राहिली.

कराडच्या मास्तरांची लेक, म्हणजे मी, सून होऊन आपल्या आडतीवर आले तेव्हा मला गठ्ठा (मधला गोल कंद) आणि हळकुंड यातला फरक कळत नव्हता. तुम्ही माझ्या हातात मूठभर हळकुंडं टाकलीत आणि म्हणालात, "मोड." मोडायच्या आधी वाकलं तर ओल राहिलीय. वरून लख्ख आणि आत फिकं असलं तर पॉलिशला रंग चोळलाय. तुम्हाला हे थोरल्या आत्यांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूनं. हरिपूरच्या पेवात, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही, हेही तसंच आलं. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरानं पेवांची वाट लावली. माझ्यापर्यंत कंदिलाची गोष्ट तेवढी पोचली.

२०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं तेव्हा पेढे मामांनी वाटले. पोतं फोडलं की मात्र मामा आणि हे, दोघंही तुमच्या तोंडाकडं बघायचे. हसू नका, खरंय.

एक बोलू? वन्सं त्याच पोत्यांवर खेळून मोठ्या झाल्या, पण त्यांना तुम्ही कधी "मोड" म्हणाला नाहीत. लेक परक्या घरी जायची, म्हणून सुनेला शिकवलंत. आणि सून बसलीय हॅम्बर्गला! रागावू नका, मलाच माझा राग येतो कधी कधी.

वन्सं आता मिरजेतच आहेत. त्यांच्या चिमीची बारावी संपली की तिला आडतीवर बसवा. मार्चात आवक असतेच. मला पहिले आठ दिवस काही न सांगता नुसतं ऐकायला लावलं होतंत, तसंच करा. वन्संना वेळ असला तर त्यांनाही बसवा.

ओंकारला काल एक हळकुंड दिलं. त्यानं सरळ चावलं. जीभ अजून पिवळी आहे. चावून काही कळतं का हो, आत्या? मला तुम्ही हे सांगितलं नव्हतंत.

तुमची,
सुनीता