सोन्या, ती वेलचीची जाहिरात

सोन्या,

परवा फोनवर तू इतका खुशीत होतास, पहिला मोठा क्लायंट, मोठा हिरो येणार, शूटिंग होणार, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण तू म्हणालास ना, "आई आम्ही फक्त वेलचीची जाहिरात करतोय, त्यात काय वाईट", ते डोक्यातून जाईचना. काल भाजी आणायला गेले तेव्हा तुमच्या जाहिरातीतल्या त्या नावाची वेलची मागत फिरले, किराणा दुकान, मेडिकल, तीन पानटपऱ्या. वेलची कुठेच नाही. शेवटच्या टपरीवाल्याने मात्र नाव ऐकल्या ऐकल्या खाली हात घालून त्याच नावाच्या पानमसाल्याची पुडी काढली, सोबत तंबाखूची वेगळी छोटी पुडी, म्हणाला काकू दोन्ही मिसळून घ्यायचं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, तंबाखूच्या जाहिराती तर २००३ च्या कायद्यानेच बंद. पण वेलचीच्या जाहिरातीतून तेच नाव टीव्हीवर चालूच आहे, आणि ते लोकांच्या तोंडी ठेवायचं काम आता तुझ्याकडे आलंय.

अमेरिकेत सिगारेटवाल्यांनी काय केलं ते तुला माहितीये का, तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे म्हणून सांगते. १९५३ मध्ये सिगारेटच्या धुरातला चिकट टार उंदरांच्या पाठीला लावून गाठी आल्याचं संशोधकांनी दाखवलं, लोक घाबरले. डिसेंबरमध्ये कंपन्यांचे मालक-साहेब न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि त्यांनी कंपन्यांची प्रतिमा सांभाळणारा पीआरवाला जॉन हिल याला धरलं. आता बघ, त्यांनी "सिगारेट चांगली आहे" असं ओरडून सांगितलंच नाही. ४ जानेवारी १९५४ ला चारशेच्या वर पेपरात पानभर निवेदन आलं, की लोकांची तब्येत आम्हाला सगळ्यात महत्त्वाची, पण सिगारेटमुळे कॅन्सर होतो याचा पुरावा नाही, आम्ही संशोधनाला पैसे देतो. बस. मग पेपरवाले पण दोन्ही बाजू छापायला लागले आणि ज्याला सोडायची होती त्याला न सोडायला कारण मिळालं. १९६९ च्या एका कंपनीच्या कागदात तर सरळ लिहिलेलं सापडलं, शंका हाच आपला माल आहे. हे कागद बाहेर यायला कितीतरी वर्षं आणि कोर्टकचेऱ्या लागल्या, २००६ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की कंपन्यांनी लोकांना अनेक दशकं फसवलं. तोवर किती माणसं गेली रे.

मला हे वाचताना सारखा माझा दादा, तुझा दादामामाच आठवत होता. आम्ही कितीदा सांगितलं, सोड ती पुडी, तर म्हणायचा सगळ्यांना थोडंच होतं, आणि एवढे मोठे हिरो जाहिरात करतात ते काय वेडे आहेत का. ही वाक्यं त्याची नव्हती सोन्या, कोणीतरी मीटिंगमध्ये बसून हेच मनात यावं म्हणून काम केलं होतं, पगार घेऊन. मग तिखट झोंबायला लागलं, मग तोंड उघडेना, डॉक्टरांनी बोटं घालून बघितलं तर दोन पण जाईनात. तू तेव्हा हॉस्टेलला होतास, आम्ही तुला सगळं सांगितलं नाही, परीक्षा होती.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही, घराचा हप्ता आहे, मला कळतं. पण हे एक काम दुसऱ्याला द्या, मी करणार नाही, एवढं साहेबांना सांगता येईल की नाही? नाहीच जमलं तर निदान मीटिंगमध्ये विचार, वर्षाला वेलचीचे किती डबे विकले जातात आणि जाहिरातीवर किती खर्च होतो. उत्तर काय येतं ते मला फोन करून सांग.

रविवारी दादामामा येतोय. त्याला अजून घास मऊच लागतो म्हणून मुगाची खिचडी पातळसर टाकणारे, तूप घालून. तू पण ये, शनिवारी रात्रीची गाडी पकड.

आई