पेट्रोल कॅनचे स्टँड आणि वेल्डिंगची घाई

संपादक महोदय,

मे महिना उजाडला की आमच्यासारख्या फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लडाखला निघालेले मोटारसायकलस्वार येऊ लागतात, आणि बहुतेकांची मागणी एकच असते: गाडीच्या मागे पेट्रोलचे कॅन बसतील असे स्टँड करून द्या. मागणी रास्त आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी प्रसिद्धच आहे, आणि 13-14 लिटरच्या टाकीवर घाटांचा तो रस्ता काढताना चार-पाच लिटर हाताशी असलेले बरे. माझी हरकत आहे ती हे स्टँड ज्या घाईने केले जातात त्याला, आणि त्यात आम्ही कारागीरही आलोच.

खिडकीचे ग्रिल करणारा हात गाडीचे स्टँडही तसेच करतो, म्हणजे अँगल कापतो, जागेवर वेल्डिंगचे टाके मारतो आणि रंग लावून मोकळा होतो. पण ग्रिल जागचे हलत नाही. पाच लिटर पेट्रोलचे वजन पावणेचार किलोच्या आसपास, त्यात कॅनचे वेगळे. हे ओझे खडबडीत रस्त्यावर दिवसभर वर-खाली हिसके देत राहते. अशा वेळी पुष्कळदा वेल्ड तुटत नाही, त्याच्या कडेची, उष्णतेने बदललेली पट्टी तडकते. मी केलेले एक स्टँड असेच तडकून परत आले, तेव्हापासून मी गाडीच्या चॅसिसवर, म्हणजे मूळ सांगाड्यावर, वेल्डिंग करणे सोडले. मूळ बोल्टांच्या जागा वापरून क्लॅम्प आणि हादऱ्यांनी सहसा सैल न होणाऱ्या नायलॉक नटांनी बसवलेले स्टँड बदलता येते. चिरलेली चॅसिस सहजी बदलता येत नाही. शिवाय हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्यांवर बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केले, तर इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होण्याची भीती असते. वापरलेला रिकामा कॅन जागेवर धरून टाका मारणे तर सरळ जिवाशी खेळ आहे, कारण रिकाम्या कॅनमध्ये पेट्रोलची वाफ उरलेली असते.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना माहीत नसते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते, मात्र ते काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते. खाद्यतेलाचा प्लॅस्टिकचा डबा त्यात बसत नाही. स्टँड धातूच्या कॅनच्या मापाने करावे, आत रबराची पट्टी चिकटवावी, म्हणजे पत्रा पत्र्यावर घासून भोक पडणार नाही. वजन शक्य तितके खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतेपासून पुरेसे अंतर राखावे, नाहीतर त्या बाजूला कॅनऐवजी तेवढ्याच वजनाचे सामान बांधावे. कॅन गळ्यापर्यंत भरू नये. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि आतली वाफ कॅन फुगवते.

एवढे करूनही पहिली फेरी पेट्रोलने करू नये. कॅनमध्ये पाणी भरून खराब रस्त्यावर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि मग प्रत्येक जोड हाताने चाचपावा. त्यासाठी गाडी आमच्याकडे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी आणावी, ही विनंती.

आपला,
एक फॅब्रिकेटर, भोसरी, पुणे